पुढून ओढणारं चाक

आष्टीच्या पंचक्रोशीत बैल घ्यायचा म्हटलं की आधी कडूबाला विचारायची रीत होती. बैल बघणारे तसे पुष्कळ होते. कुणी शिंगं बघायचं, कुणी वशिंड, कुणी अंगावरचे भोवरे मोजून शुभ-अशुभ सांगायचं. कडूबा यातलं काही खोटं म्हणत नसे, पण त्याची परीक्षा वेगळी होती. व्यापारी म्हणाला, "दाखवतो चाल," की कडूबा धोतराचा सोगा खोचायचा, आपली जुनी काळी सायकल काढायचा आणि बैलाच्या बरोबरीने रस्त्याला लागायचा. बैल डांबरावर, कडूबा कडेच्या फुफाट्यात, नजर बैलाच्या चार पायांवर. असे दोन किलोमीटर. उभा बैल मालकाचं ऐकतो, चालता बैल खोटं बोलत नाही, असं तो म्हणायचा. चाळीस वर्षांत त्याने पारखलेला एकही बैल लंगडला नव्हता.

लंगडला तो गेल्या साली, आणि तोही सख्ख्या बहिणीचा.

झालं होतं असं की गेल्या साली कडूबाचा उजवा गुडघा बसला. जालन्याच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, "बाबा, पायडल बंद." तेवढ्यात धाकटी बहीण द्वारकाबाई बाजारात आली. ती दोन कोसांवरच्या गावात दिलेली, नवऱ्यामागे शेत स्वतः बघणारी. तिच्या तांब्या बैलाला जोड हवी होती. कडूबा लिंबाच्या झाडाखाली बसला, धर्मराज व्यापाऱ्याने एक पांढराफेक बैल वीस पावलं पुढे आणि वीस पावलं मागे फिरवला, आणि कडूबाने मान डोलावली. द्वारकाबाई पाणी पिऊन आल्यावर तिला सांगितलं, "दोन किलोमीटर चालवून बघितला. बिनघोर घे."

तिसऱ्या आठवड्यात बैल नांगराला लंगडला. द्वारकाबाईने तो मिळेल त्याला देऊन टाकला आणि भावाला एका शब्दाने बोल लावला नाही. तिने भांडण केलं असतं तर कडूबाला बरं वाटलं असतं. तिचं गप्प राहणं त्याला वर्षभर खुपत राहिलं.

यंदा मे महिन्यात ती पुन्हा आली. आंब्याची पाटी ओसरीवर ठेवली, वहिनीच्या हातचा चहा घेतला आणि जाता जाता हळूच म्हणाली, "दादा, यंदा तू दगदग करू नको. धर्मराजच म्हणला, मी बघून देतो एक."

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! कडूबा मनात म्हणाला.

"मिरगाच्या आधी शेवटचा बाजार कधी आहे?" त्याने विचारलं.

"पंधरा दिवसांनी."

"त्या बाजाराला मी येतो. आन चालवूनच घेतो."

द्वारकाबाईने त्याच्या गुडघ्याकडे पाहिलं, तेलाने माखून फडक्याने बांधलेल्या, आणि "बरं," म्हणून ती निघाली. त्या "बरं"मध्ये विश्वास नव्हता, नुसती माया होती. कडूबाला ती माया नको होती.

आता कुणी म्हणेल, मोटारसायकलवर बसावं. तोही प्रयोग करून झाला होता. आष्टीत मोटार वायंडिंगचं दुकान चालवणाऱ्या वसंताने कडूबाला एकदा मागे बसवून बैलाच्या शेजारून गाडी नेली. बैलाने कान टवकारले, शेपटी वर केली आणि धरणाऱ्याला घेऊन तो थेट उसात घुसला. बैलाच्या शेजारी फटफट चालतच नाही. तिथे सायकलच हवी, आणि सायकलला गुडघा हवा.

त्याच वसंताने चार दिवसांनी बातमी आणली. "मामा, सायकलला बसवायचं किट निघालंय. बॅटरीवरचं. एका चाकातच मोटार असती. पायडल मारायचं कामच न्हाई. जालन्याचा एक बद्रीनाथ म्हणून हाये, तो येत्या बाजारात घेऊन येणार हाये."

"आवाज?" कडूबाने पहिला प्रश्न केला.

"ते बघावं लागंल."

कडूबा उठून उभाच राहिला. गुडघ्याची आठवणसुद्धा राहिली नाही. त्या दिवसापासून त्याच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. पारावर किट, ओसरीवर किट, पाणी शेंदताना किट. गावाला किट म्हटलं की एकच माहीत होतं, पंचायत समितीतून फुकट मिळणारं बियाण्याचं मिनिकिट. तिसऱ्या दिवशी सकाळी सात माणसं सातबाऱ्याचा उतारा घेऊन दारात हजर. "मामा, तुरीचं हाये का सोयाबीनचं? आमचं नाव घ्या की यादीत." त्यांना समजावता समजावता कडूबाच्या बायकोच्या, उषाबाईच्या, नाकी नऊ आले.

"उतावळा नवरा आन गुडघ्याला बाशिंग," ती कडूबाला म्हणाली. "तुमच्या गुडघ्याला तर खरंच बांधलंय."

पण रात्री अंथरूण टाकताना तिनेच विचारलं, "ते चाक लई जड असतं का हो?" म्हणजे तिचाही होकार होता. पैशाचं दोघांत काय ठरलं ती गोष्ट मी काढत नाही. नवरा-बायकोच्या कनवटीत डोकावू नये.

बाजाराच्या दिवशी बद्रीनाथ जीप घेऊन आला. तिशीतला, चुणचुणीत, बोलण्यात साखर पेरणारा. तीन सायकली उतरवल्या: एकीच्या मागच्या चाकात मोटार, दोघींच्या पुढच्या. बघ्यांचं हे कडं झालं. कडूबा सगळ्यांत पुढे, शेजारी वसंता.

"मामा, मागच्या चाकाचं घ्या," बद्रीनाथने सुरुवात केली. "मागून ढकलतं. जोर जास्ती."

"का रे," कडूबा म्हणाला, "बैल गाडीच्या पुढं जुपतात का मागं?"

लोक हसले. बद्रीनाथही हसला, पण वसंताने कडूबाची बाजू उचलून धरली. मागच्या चाकाला साखळी, फ्रीव्हील, कॅरिअर, सगळं गुंतलेलं. तिथे हात घालायचा म्हणजे अख्खी सायकल मोडून मांडायची. पुढचं चाक मोकळं. दोन नट सोडले की जुनं चाक बाहेर, नवं आत. आणि मोटार मध्येच रुसली तर मागचं पायडल जसंच्या तसं.

"म्हंजे एक बैल बसला तर दुसरा घरी आणतो," कडूबा म्हणाला. "पुढचंच."

आता राहिल्या दोन. एकीची मोटार लहानशी, चकाचक, मुठीत मावेल असं वाटणारी. दुसरीची परातीएवढी रुंद, काळपट, बघायला अगदीच ठोंब्या. कडूबाचं मन आधी लहानीवर गेलं, हे कबूल करायला हवं. एवढी देखणी वस्तू त्याने सायकलवर कधी पाहिली नव्हती. पण देखणेपणाने गेल्या साली काय केलं होतं ते तो विसरला नव्हता.

"दावणीला बांधलेले सगळेच चांगले," तो म्हणाला. "वसंता, सरकी पेंडीचं एक पोतं टाक कॅरिअरवर, तू बस, आन पुलाचा चढ चढून ये. आधी हिच्यावर, मंग तिच्यावर."

लहानी सुसाट गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या घातल्या. वसंता परत आला तसा कडूबा मोटारीजवळ वाकला. पळवून आणलेल्या बैलाच्या छातीला हात लावतात तसा त्याने चाकाच्या मध्यावर तळहात ठेवला, आणि पटकन काढला. तापली होती. शिवाय येताना ती रातकिड्यासारखी किर्रर्र करत आली होती.

मग थोराड निघाली. जायची घाई नाही, थांबायचं नाव नाही. चढावर एका लयीत गेली आणि तशीच आली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. कडूबाने हात ठेवला. कोमट. त्याने बद्रीनाथला चाक उचलून फिरवायला लावलं आणि मोटारीला कान लावला. नुसती बारीक गुणगुण, बसलेल्या गाईच्या पोटाला कान लावल्यावर येते तेवढी.

कडूबाचं मन तिच्यावर बसलं. हीच! पण घाईघाईने हो म्हणणं त्याच्या रक्तात नव्हतं. शेवटची परीक्षा राहिली होती.

"दोघींत फरक काय?"

"लहानीत गिअर हाये, मामा. म्हंजे आत दात असतात. दातांनी ताकद वाढती."

"दात?" कडूबाचे डोळे चमकले. बैलाचे दात बघितल्याशिवाय त्याने आयुष्यात दावं हातात घेतलं नव्हतं. "मंग दाखव की."

बद्रीनाथ का-कू करायला लागला, पण वसंताच्या खिशात पान्हा आणि स्क्रू-ड्रायव्हर कायमचेच. त्याने लहानीचं झाकण उघडलं. आत पांढरी दातेरी चाकं. कडूबाने बोट फिरवलं. दात प्लास्टिकचे, आणि एका चाकाचे कडेने झिजलेले.

"किती बाजार फिरलीय ही?"

"पाच-सहा असतील."

"पाच बाजारांत दात झिजले. वैरण कशानं खाईल ही पुढं?" कडूबाने मान हलवली. "आता तिचे दाखव."

"तिला दात न्हाईत."

"न्हाईत?"

"बिलकुल न्हाईत."

कडूबाचा चेहरा एकदम पडला. जिच्यावर जीव जडला तीच बोळकी निघाली! दात नसलेला बैल म्हणजे संपलेला बैल, हे त्याला बापाने सहाव्या वर्षी शिकवलं होतं. तो दोन पावलं मागे सरला आणि बद्रीनाथवर कडाडला, "म्हातारी मोटार गळ्यात बांधून राह्यलास काय रे? मला काय आंधळा समजतो?"

हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. बद्रीनाथ वसंताचा पान्हा घेऊन लहानीचं झाकण बसवायला लागला. कडूबा खरोखरच चालायला लागला होता. एवढ्या दिवसांचा उत्साह, बहिणीला दिलेला शब्द, सगळं पायाखालून सरकल्यासारखं त्याला झालं. वसंताने त्याचा दंड धरला.

"मामा, ऐका तर. तुमच्या हिरीवरच्या मोटारीला दात हायेत का?"

"न्हाईत."

"किती वर्षं झाली तिला?"

"तेरा-चौदा."

"मंग? ही तिचीच बहीण. आत तारांचे वेढे, भवती लोहचुंबक. एकमेकाला शिवतसुद्धा न्हाईत. जे घासत न्हाई ते झिजत न्हाई. मी वीस वर्षं मोटारी भरून राह्यलो, पण दात पडले म्हणून एकबी मोटार माझ्या दुकानात आली न्हाई." मग इमानदारीने त्याने पुढचंही सांगितलं. "बॅटरी संपली तर ही पायडलला थोडी जड जाईल. तेवढं सोसावं लागंल."

कडूबाने पुन्हा त्या काळपट परातीकडे पाहिलं. मग हळूहळू त्याच्या मिशीत हसू आलं आणि गालभर पसरलं. "म्हंजे ही बिनदातांचीच जन्मली?"

"बिनदातांचीच."

"मंग पाडणार कोण! दे ही," म्हणत कडूबाने बद्रीनाथच्या पाठीवर अशी थाप मारली की बिचाऱ्याच्या हातातला पान्हा पडला.

वसंताच्या दुकानात कडूबाच्या जुन्या सायकलला चाक बसवायला अर्धा तास लागला. पुढचं चाक धरणारा पोलादी चिमटा रुंद होता, चाक बरोबर आत गेलं. तीन बॅटऱ्या गोणपाटाच्या झोळीत घालून मागे कॅरिअरवर, हँडलला पिळायची मूठ, तिथून खाली वायर. कडूबा उकिडवा बसायचा प्रयत्न करत होता, गुडघा बसू देत नव्हता, म्हणून तो वाकूनच सगळं बघत होता. चिमट्याच्या टोकात चाकाचा आस नुसता दोन नटांवर आवळलेला होता.

"ह्याला शिवळ कुठं आहे?" त्याने विचारलं.

बद्रीनाथ अजून तिथेच होता. "शिवळ?" त्याने पेटी उलटी-पालटी केली. "ती बहुतेक कंपनीतून मागवावी लागंल, मामा."

वसंता पोट धरून हसला. जुवाच्या भोकात बैलाच्या मानेशेजारी जी दांडकी खुपसतात ती शिवळ. ती नसली तर बैलाने जोर लावला की जू मानेवरून सरकतं. हसता हसता वसंताची नजर आसावर गेली आणि तिथेच खिळली. "मामा बराबर बोलून राह्यले," तो म्हणाला. मोटार चाकाला पुढे फिरवते, तेवढ्याच जोराने आस उलटा फिरू बघतो. नट जरा ढिला झाला तर आस चिमट्यातून निसटणार, आणि पुढचं चाक निसटलं की माणूस तोंडावर. त्याने जीपच्या पाट्याचा एक तुकडा शोधला, आसाच्या मापाचं भोक पाडलं आणि दुसरं टोक चिमट्याच्या दांडीला पट्टीने जखडलं. बद्रीनाथने ते वहीत काढून घेतलं. खाली नाव लिहिलं: शिवळ.

दुपारी तीनला लाइट आली तशा बॅटऱ्या लावल्या. लोडशेडिंगचे दिवस, लाइट घरच्या जावयासारखी मर्जीने यायची आणि मर्जीने जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावल्या, तेव्हा कुठे भरल्या. कडूबाने देवाला नमस्कार केला, सायकलला नमस्कार केला, उषाबाईने चाकावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. कडूबा बसला. मूठ पिळली.

सायकल निघाली. पाय स्थिर आणि सायकल चाललेली! पुढचं चाक हलक्या हिसक्याने त्याला ओढत होतं, तापट बैलाने गाडी ओढावी तसं नाही, समजूतदार बैलाने ओढावी तसं. कडूबा वेशीपर्यंत गेला, मारुतीला वळसा घालून परत आला, पुन्हा गेला. वर्षभरानंतर त्याच्या तोंडावर वारा लागत होता. साठीचा माणूस भररस्त्यात "हैक! हैक!" म्हणून सायकलला हाका मारत होता, आणि उषाबाई पदर तोंडाला लावून हसत होती.

शेवटचा बाजार उजाडला. द्वारकाबाई आधीच धर्मराजच्या दावणीशी उभी होती. समोर बैल असा की नजर ठरू नये: कोसा रंग, उंच वशिंड, शिंगांना गोंडे, पायांत नव्याने ठोकलेल्या नाला. तिने कडूबाला सायकलवरून येताना पाहिलं आणि डोळे मोठे केले. पायडल फिरत नव्हतं.

"चाल दाखव," कडूबा धर्मराजला म्हणाला.

"मामा, गुडघा..."

"गुडघ्याची चाल मागितली का मी?"

धर्मराजच्या माणसाने बैल रस्त्यावर काढला. कडूबा कडेच्या फुफाट्यात उतरला आणि मूठ पिळली. बैलाने एकदा डोळा फिरवून पाहिलं, कान हलवले आणि तो आपल्या वाटेने चालत राहिला. कडूबाला ओरडावंसं वाटलं. चालतंय! बैल बुजत नाही! पहिला अर्धा किलोमीटर त्याने बैलाकडे पाहिलंच नाही. चाकाकडे बघत होता, शिवळीकडे, पुन्हा चाकाकडे. मग भानावर आला आणि स्वतःलाच शिवी हासडली.

पायांकडे पाहिलं. चारही पाय सरळ, पाऊल लांब, कुठे खोट नाही. डोळ्यांनी बघितलं तर बैल घ्यावा असाच होता. होकारासाठी कडूबाचा हात वर जायला आला, आणि तेवढ्यात त्याच्या कानावर काहीतरी आलं.

टक, टक, टक... टप.

टक, टक, टक... टप.

डांबरावर नाला वाजत होत्या. तीन पायांचा आवाज खणखणीत. चौथा, पुढचा डावा, दबका. बैल तो पाय टेकताना अंग चोरत होता, डोळ्याला दिसू नये इतकंच. कडूबाने कान दिला. चाळीस वर्षं तो बैलांच्या शेजारून फिरला होता, पण त्याची साखळी खडखडायची, स्वतःचा दम लागलेला असायचा. बैलाच्या पावलांचा आवाज त्याने असा कधी ऐकलाच नव्हता. डोळे मिटल्यासारखे करून तो आणखी अर्धा किलोमीटर ऐकत गेला. शंका उरली नाही.

परत आल्यावर त्याने बैलाचा डावा खूर उचलायला लावला. नाल काढली. खाली खुरात खोल चीर, वरून मेण भरून बुजवलेली. धर्मराज म्हणाला, त्याला स्वतःलाही हे ठाऊक नव्हतं. लोकांनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

कडूबाने दावणीच्या टोकाला बांधलेला एक बैल सोडायला सांगितला. रंगाने मळकट, शिंग जरा वाकडं, त्याच्याकडे सकाळपासून कुणी फिरकलं नव्हतं. पुन्हा दोन किलोमीटर. टक, टक, टक, टक. घड्याळासारखा. तो बैल द्वारकाबाईच्या हातात देताना कडूबाचा आवाज चढला होता. "घे! लोक बैल बघून घेतात, तुझ्या दादानं ऐकून घेतला!"

दोघं गावाकडे निघाली. द्वारकाबाई बैलाचं दावं धरून पायी, कडूबा शेजारून सायकलवर, तिच्या चालीने. अर्ध्या वाटेत त्याने ब्रेक दाबला. एवढ्या आनंदात ती एक गोष्ट पोटात तशीच ठेवणं त्याला जमेना.

"द्वारके, गेल्या साली मी तुला खोटं सांगितलं. चालवून बघितला न्हवता तो बैल. मी लिंबाखाली बसलो व्हतो."

द्वारकाबाई थांबली. बैलही थांबला. तिने भावाकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "ठावं होतं मला."

"कसं?"

"तुझ्या धोतराला धूळच लागली न्हवती त्या दिवशी."

कडूबाने खाली पाहिलं. तिने वाकून त्याच्या धोतराचा सोगा हातात घेतला. गुडघ्यापर्यंत लाल धुळीने माखलेला होता. तो झटकायचा म्हणून तिने हात उचलला, आणि तसाच खाली घेतला.

"राहू दे," ती म्हणाली. "वहिनीला बघू दे."